कॉन्व्हेंटची वाट आणि गावची शाळा

मृग नक्षत्र लागले की मराठवाड्यात दोन चिंता एकदमच सुरू होतात. शेतकऱ्याला पेरणीची आणि आईबापांना मुलांच्या शाळेची. जूनच्या उत्तरार्धातील कोणत्याही सकाळी परभणीहून जिंतूर, पाथरी, गंगाखेड किंवा पूर्णेकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर या दुसऱ्या चिंतेचे स्वरूप डोळ्यांना दिसते. खेड्यांतून शहराकडे मुलांनी खचाखच भरलेले ऑटो आणि पिवळ्या गाड्या येत असतात. गळ्यात टाय, पायांत बूट, पाठीवर जड दप्तर आणि डोळ्यांत अपुरी झोप, असा त्यांतील मुलांचा थाट असतो. त्याच वेळी, त्याच रस्त्याने, उलट दिशेला मोटारसायकलींची एक रांग खेड्यांकडे चाललेली असते. ती जिल्हा परिषदेच्या गुरुजींची. गुरुजी शहरात राहून खेड्यातील मुलांना शिकवायला निघालेले असतात आणि खेड्यातील मुले शहरात शिकायला. गुरुजींचे स्वतःचे अपत्यही बहुधा शहरातल्या एखाद्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये नुकतेच जाऊन बसलेले असते.

मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालावे की सरकारी शाळेत, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. पगार किती, मुलाची झेप किती, शेजाऱ्याचा मुलगा कोठे जातो, इतक्या गोष्टींचा हिशेब करून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुटतो. परंतु असे हजारो घरगुती निर्णय एकाच दिशेने होऊ लागले, म्हणजे त्यांच्या बेरजेतून एका सार्वजनिक संस्थेचे भवितव्य ठरत असते. परभणी जिल्ह्यात आज तेच घडत आहे. म्हणूनच या निवडीचा विचार केवळ घरापुरता करून भागणार नाही.

धर्माची कसोटी नव्हे

पाश्चात्त्य देशांत ‘कॅथलिक शाळा की सार्वजनिक शाळा’ हा प्रश्न दीर्घकाळ श्रद्धेची कसोटी म्हणून विचारला गेला. अमेरिकेत १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चशेजारी शाळा उभारण्याचा आणि कॅथलिक पालकांनी मुले तेथेच पाठविण्याचा आदेश दिला. १९१७ च्या चर्चसंहितेने तर बिशपच्या अनुमतीवाचून कॅथलिक मुलांना इतर शाळांत घालण्यास मनाई केली. सरकारी शाळेत गेलेला मुलगा धर्माला पारखा होईल, ही त्यामागील धास्ती होती.

परभणीत याच्या नेमकी उलट स्थिती आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार भरली. तीत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण शेकडा एकही नाही. मराठवाड्यासाठी औरंगाबादचे स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाले तेच १९७७ साली. तेव्हा या भागातील मिशनरी शाळांचे बाक प्रामुख्याने हिंदू, बौद्ध आणि मुसलमान मुलांनी भरावेत, यात नवल नाही. हे चित्र केवळ येथलेच आहे असेही नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुले कोणत्याही अल्पसंख्य समाजातील नव्हती. येथला पालक प्रार्थना ऐकायला मूल पाठवीत नाही. त्याला हवी असते इंग्रजी, शिस्त आणि चारचौघांत मान.

भीतीची दिशा बदलली

एके काळी मात्र महाराष्ट्रातही हा प्रश्न धर्माचाच होता. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने श्रीपतला त्यांच्या स्वाधीन केले. त्याला परत जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे हेच नारायण शेषाद्री धर्मोपदेशक होऊन निजामाच्या मुलखात आले आणि परभणीच्या शेजारच्या जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

परंतु त्याच दशकात, त्याच मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात शिकत होते. त्यांनी धर्म बदलला नाही. शाळा सोडल्यानंतर वर्षभरात, १८४८ साली, त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि पुढे शूद्रातिशूद्रांसाठीही. मिशनऱ्यांच्या शाळेतून त्यांनी एक गोष्ट बरोबर नेली, ती म्हणजे ज्ञानाचे दार कोणालाही बंद असू नये, ही जाणीव. मिशनरी शिक्षणाचे महाराष्ट्रावर ऋण आहे, ते प्रामुख्याने या प्रकारचे.

आज दोन्ही गोष्टी मागे पडल्या आहेत. मूल बाटेल ही भीती सामान्य पालकाच्या मनात फारशी उरलेली नाही. त्याला प्रवेश मिळणार नाही, ही भीती त्याच्या मनात आहे. आणि जोतीरावांनी ज्या हेतूने शिक्षण घेतले, तो हेतूही निवडीच्या वेळी कोणाच्या लक्षात नसतो.

मायबोलीसाठी झगडलेला प्रदेश

मराठवाड्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खटकते, कारण शाळेच्या प्रश्नावर या प्रदेशाने मोठी किंमत मोजलेली आहे. निजामाच्या राजवटीत माध्यमिक शाळेपासून उस्मानिया विद्यापीठापर्यंत शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला गणित आणि भूगोल परक्या वाणीतून गिळावा लागे. या परिस्थितीत हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, परभणी जिल्ह्यात सेलूचे नूतन विद्यालय यांसारख्या संस्था लोकांनी पदरमोड करून उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ हे मुक्तिसंग्रामाचे सेनानी होण्यापूर्वी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. मायबोलीतून, घराजवळ आणि फुकट शिकण्याची सोय खेड्यापाड्यांत पोहोचली, ती या मार्गाने. आज साठी-सत्तरीत असलेले जिल्ह्यातील बहुतेक अधिकारी, डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक याच शाळांच्या सारवलेल्या जमिनीवर बसून शिकले. त्यांच्या नातवंडांना मात्र त्या शाळेचे दार कोणत्या बाजूला आहे, हेही ठाऊक नाही.

कॉन्व्हेंटचे खरे बळ

सरकारी शाळेचा अभिमान बाळगताना कॉन्व्हेंटकडे तुच्छतेने पाहण्याचा एक प्रघात आहे. तो टाकून दिला पाहिजे. चांगल्या मिशनरी शाळेत तास वेळेवर सुरू होतो, वर्ग शिक्षकावाचून राहत नाही, संडास स्वच्छ असतात, वह्या तपासल्या जातात आणि पालकांची सभा ठरलेल्या दिवशी होते. शाळा चालविणाऱ्या सिस्टर आवारातच किंवा जवळ राहतात. त्यांच्या लेखी शाळा हे व्रत असते. या गोष्टींना कोणताही धर्म लागत नाही हे खरे, परंतु त्या तेथे आहेत आणि पुष्कळ ठिकाणी नाहीत, हेही तितकेच खरे. पालक मूर्ख नाही. जेथे मास्तर हजर, तेथे तो मूल पाठवितो.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८० च्या दशकात कॅथलिक आणि सरकारी शाळांची मोठी तुलना केली. कॅथलिक शाळांतील मुलांची प्रगती सरस आढळली. निवडून घेतलेली मुले सरस असणारच, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो बिनबुडाचा नव्हता. तथापि कोलमन यांनी त्याचे जे कारण दिले, ते येथे महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते शाळेभोवती एक समाज होता; आईबाप एकमेकांना ओळखत, रविवारी चर्चमध्ये भेटत, कोणाचे मूल कोठे भरकटते आहे हे एकमेकांच्या कानावर घालीत. शाळेची शक्ती भिंतींच्या आत जितकी होती, तितकीच भिंतींच्या बाहेर होती.

आता हीच कसोटी परभणीला लावून पाहावी. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यातून रोज ऑटोने येणाऱ्या मुलाच्या बापाचा आणि त्याच्या वर्गमित्राच्या बापाचा परिचय काय? दोघांची गाठ पडते ती फी भरण्याच्या खिडकीपाशी. उलट ज्या शाळेभोवती एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा समाज आहे, ती आहे गावातली जिल्हा परिषदेची शाळा. कोलमन यांना ज्या गोष्टीत कॅथलिक शाळेचे बळ दिसले, ती गोष्ट आपल्या खेड्यात आयती आहे, आणि तीच सोडून माणसे निघाली आहेत.

नाव एक, वस्तू दुसरी

शिवाय ज्याला कॉन्व्हेंट म्हटले जाते, ते पुष्कळदा कॉन्व्हेंट नसतेच. हा शब्द मूळचा जोगिणींच्या मठाचा. मठातील जोगिणींनी चालविलेली शाळा म्हणून ती कॉन्व्हेंट शाळा. विदर्भ-मराठवाड्यात मात्र इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खासगी शाळेला हे नाव मिळते. देवाधर्माच्या वा पुढाऱ्यांच्या नावापुढेही ‘कॉन्व्हेंट’ जोडलेले आढळते. नाव घेतले गेले, गणवेश घेतला गेला, फी घेतली गेली. ज्या निष्ठेमुळे त्या नावाला किंमत आली होती, ती मात्र घेता आली नाही. अशा अनेक शाळांतील शिक्षिका जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या पगाराच्या एका लहानशा हिश्शावर राबत असतात आणि जरा बरी नोकरी मिळताच निघून जातात. मूल मात्र तेथेच राहते, दरवर्षी नव्या बाईंपुढे.

अशा खासगी शाळांत घातल्याने मुलाचे शिक्षण किती सुधारते, याची एक काटेकोर पाहणी अविभाजित आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत झाली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी ती केली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली आणि चार वर्षांनी त्यांची तुलना सोडतीत न निवडलेल्या मुलांशी करण्यात आली. तेलुगू आणि गणित या विषयांत दोघांत फरक आढळला नाही. हिंदीसारख्या जादा विषयात खासगी शाळेतील मुले पुढे होती. म्हणजे पालक ज्या उडीसाठी पोटाला चिमटा घेतो, ती उडी मूळ विषयांत दिसून आली नाही. परंतु याच पाहणीची दुसरी बाजू सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांनाही बोचणारी आहे : खासगी शाळांनी तेवढेच काम सरकारी खर्चाच्या सुमारे एकतृतीयांश खर्चात केले होते.

‘असर’च्या २०२४ च्या देशव्यापी पाहणीतील आकडे हेच सांगतात. ग्रामीण भारतात तिसरीतील जी मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकतात, त्यांचे प्रमाण सरकारी शाळांत २३.४ टक्के आणि खासगी शाळांत ३५.५ टक्के आहे. सरकारी शाळांनी या आकड्यांनी लाजावे, हे उघड आहे. पण फी भरूनही तीनांतील दोन मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नसेल, तर खासगी शाळांच्या दारावरील पाट्यांनीही थोडे लाजावे.

इंग्रजीचे आकर्षण खोटे आहे असे मात्र कोणी म्हणू नये. इंग्रजीवाचून वरच्या नोकऱ्यांची दारे उघडत नाहीत, हा नोकरदाराचा रोजचा अनुभव आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला, तो या अनुभवाला दाद देऊनच. परंतु इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे यांत अंतर आहे. ज्या घरात इंग्रजीचे एक वाक्य कानावर पडत नाही, तेथील मूल परक्या भाषेतून परिसर अभ्यास पाठ करते. त्याला ते समजते, असे नाही. एकेकाळी उर्दूतून भूगोल गिळणाऱ्या पणजोबाच्या जागी आता पणतू येऊन बसला आहे. फरक इतकाच, की पणजोबावर ती भाषा राजाने लादली होती आणि पणतूवर ती बापाने हौसेने घातली आहे.

कायद्याने आखलेली रेघ

या निवडीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे पालकाचे लक्ष क्वचितच जाते. ही निवड सर्वांना सारखी खुली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किंवा प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. परंतु घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शैक्षणिक संस्था स्थापून चालविण्याचा हक्क दिलेला असल्याने, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ साली सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे नेण्याची गरज दाखविली. मात्र त्याच निकालात जिल्हा परिषदेच्या ज्या गुरुजींची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे, त्यांना शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले.

तिसावा अनुच्छेद हा घटनाकारांनी विचारपूर्वक दिलेला शब्द आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. पण ज्या शाळेत बहुसंख्य मुले त्या अल्पसंख्य समाजाची नाहीत, तेथे शेजारच्या झोपडीतील मुलाला हक्काने प्रवेश नाही आणि फी भरू शकणाऱ्या नोकरदाराच्या मुलाला आहे, हा परिणाम घटनाकारांना अभिप्रेत होता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बालहक्क आयोगाच्या उपर्युक्त अहवालात अल्पसंख्याक शाळांतील वंचित घटकांच्या मुलांचे प्रमाण जेमतेम ८.७६ टक्के दिसले होते.

इतर खासगी शाळांबाबत राज्य शासनाने जे केले, तेही गौरवास्पद नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट दिली. गरिबाने सरकारी शाळेत जावे आणि इतरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोठेही जावे, असा त्याचा सरळ अर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही अधिसूचना रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

मागे कोण राहिले?

गावच्या शाळेत आज कोण उरले आहे, हे पाहिले म्हणजे निवडीचा खरा अर्थ ध्यानी येतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोणाचे मूल बरोबर जाते, कोणाचे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. या मुलांसाठी कॉन्व्हेंट नाही आणि अर्धवट कॉन्व्हेंटही नाही. त्यांच्यासाठी एकच दार उघडे आहे. त्या दाराच्या आत पटसंख्या घटते, पट घटला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात, आणि ते पाहून ज्यांना शक्य आहे ते उरलेले पालकही मूल काढून घेतात. राज्यात वीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळांची संख्या १४ हजारांच्या पुढे गेल्याचे २०२३ साली पुढे आले आणि त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सुरू झाला. तीन किलोमीटरवरील समूह शाळेत सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून कशी जाणार, याचे उत्तर तिच्या आईला हवे आहे.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. शाळेची पडझड होते तेव्हा तिच्यासाठी भांडण्याची ताकद कोणाजवळ असते? अर्ज लिहिता येतो तो कारकुनाला. शिक्षणाधिकाऱ्यांपुढे उभे राहून नियम दाखविता येतो तो शिक्षकाला. वर्तमानपत्रात पत्र लिहिता येते ते महाविद्यालयीन विद्यार्थ्याला. याच वर्गाने आपली मुले काढून घेतली आणि त्याबरोबर शाळेचा आवाजही काढून घेतला. फडात कोयता चालविणाऱ्या बापाला शाळेचा पत्रा गळतो हे दिसते, पण तक्रार कोणत्या कचेरीत करावी, हे कळत नाही. फी भरणाऱ्या पालकाच्या हिशेबात ही किंमत कधी धरली जात नाही, कारण ती दुसऱ्याच्या मुलाने भरायची असते.

कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात सर्वांसाठी समान शाळा आणि प्रत्येक वस्तीला तिची शेजारशाळा यांचा आग्रह धरला, तो याच कारणास्तव. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या मातीतले शिक्षणतज्ज्ञ होते. वजनदार माणसांची मुले ज्या शाळेत असतात ती शाळा सुधारते, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर ऑगस्ट २०१५ मध्ये शासकीय सेवक आणि लोकप्रतिनिधी यांची मुले सरकारी प्राथमिक शाळेतच गेली पाहिजेत, असा आदेश उत्तर प्रदेश शासनाला दिला. तो कागदावर राहिला. हुकमाने माणसाचे मूल हलविता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

आईबापांनी काय करावे?

यावर नोकरदार पालक विचारील, की समाजाचे भले व्हावे म्हणून स्वतःच्या मुलाचे नुकसान करावे काय? हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देणे हा दांभिकपणा ठरेल. ज्या शाळेत शिक्षक नाही, तेथे मूल घालण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या शाळेत चांगला शिक्षक आहे, आणि अशा शाळा परभणी जिल्ह्यात आजही कमी नाहीत, तेथे केवळ टाय नाही म्हणून मूल न घालणे, ही निवड नव्हे. तो केवळ चारचौघांचा दबाव आहे.

निवड करताना पाहण्याच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. शिकविणारे किती वर्षे टिकतात? मूल दिवसाचे किती तास ऑटोत घालविते? शाळेतून आल्यावर ते दिवसभरात काय कळले ते आपल्या शब्दांत सांगते, की पाठ केलेले म्हणून दाखविते? या प्रश्नांची उत्तरे कॉन्व्हेंटच्या बाजूने पडली तर खुशाल तेथे जावे. ती गावच्या शाळेच्या बाजूने पडली तर लाज न बाळगता तेथे जावे. पहिली चार-पाच वर्षे घराजवळ, मायबोलीत आणि त्याबरोबर चांगल्या शिकविलेल्या इंग्रजीसह गेली, तर मुलाचे काही बुडत नाही. पुढे माध्यम बदलायचे तर ते पक्क्या पायावर बदलता येते.

आणि मूल कोठेही शिकत असले, तरी गावच्या शाळेशी नाते संपत नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. या समित्या पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरत्या उरल्या आहेत. गावातील शिकल्यासवरल्या माणसांनी तीतील अडाणी आईच्या पाठीशी उभे राहून अर्ज लिहून द्यावा, रिक्त पद कधी भरणार हे विचारावे, शासनाने शिकविण्याखेरीज इतर कामांना गुरुजींना जुंपले तर कायद्याने फक्त जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच मोकळीक दिली आहे, याची आठवण करून द्यावी. शिक्षक संघटनांनी बदल्यांच्या आणि वेतनाच्या मागण्यांबरोबर एक ठराव स्वतःसाठीही करावा : आपल्या शाळेत आपले मूल घालता येईल, अशी ती शाळा आपण करू.

हे अशक्य नाही, याचा पुरावा जिल्हा परिषदेच्याच शाळांनी दिला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या शाळेला टायही नव्हता आणि कॉन्व्हेंटचे नावही नव्हते. जोतीरावांनी मिशनरी शाळेत जे पाहिले, ते त्यांनी गावकुसाबाहेरच्या मुलांपर्यंत नेले. कॉन्व्हेंटमध्ये आढळणारी वेळेची निष्ठा, वर्गातील हजेरी आणि मुलाकडे दिलेले लक्ष जिल्हा परिषदेच्या वर्गात आणणे, हे काम परभणीच्या शिक्षकांचे, कारकुनांचे आणि विद्यार्थ्यांचे आहे. येत्या जूनमध्ये रस्त्यावरचे सगळे ऑटो थांबणार नाहीत. पण मोटारसायकलवरून खेड्याकडे निघालेल्या गुरुजींच्या मागच्या सीटवर त्यांचे स्वतःचे मूल बसलेले दिसू लागले, तर शाळा सुधारल्याची खूण गावकऱ्यांना कोणत्याही अहवालावाचून पटेल.